गच्चीवर खडूने सावली आखा

वाचकाचं पत्र

"ताई, आम्ही साताऱ्याजवळच्या एका गावात राहतो. खाली पिठाची गिरणी आणि मिरचीचं कांडप, वर आमचं घर. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. घराचं बिल साधारण ३०० युनिटचं, तीन-साडेतीन हजारांचं येतं. उन्हाळ्यात साडेचार हजारांच्या वर जातं. गिरणीचं थ्री फेज मीटर वेगळं, त्याचं बिल वेगळं.

मागच्या आठवड्यात एक सोलरवाले आले होते. गच्ची बघून म्हणाले, पाच किलोवॉट बसवा, ७८ हजार सबसिडी मिळते, बिल कायमचं शून्य होईल. शिवाय घराच्या जोडणीवरून गिरणीला एक वायर ओढून देतो, गिरणीही फुकटात चालेल. कोटेशन सव्वातीन लाखांचं आहे, कर्जही तेच करून देणार. पण ऑफर शनिवारपर्यंतच. आमच्या यांना वाटतं की सोलर आलं म्हणजे लाइट गेली तरी घर चालू राहील. धाकटे दीर पुण्यात असतात, घर दोघा भावांच्या नावावर आहे. ते म्हणतात, स्लॅबला भोकं पाडायची नाहीत, गळती लागेल. वीजबिल अजून सासऱ्यांच्या नावानेच येतं, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मुलीला पुढच्या वर्षी कॉलेजसाठी इलेक्ट्रिक स्कूटर हवी आहे. सोलर घ्यावं का? घ्यायचं तर किती?"

उत्तर

ताई,

शनिवारपर्यंत काहीही करू नका. सही नको, ॲडव्हान्स नको, आधार कार्डाचा फोटोही पाठवू नका. सोलर घ्या, जरूर घ्या, तुमच्या घराला ते शोभेल आणि परवडेलही. पण पाच किलोवॉट नको आणि ती वायर तर मुळीच नको.

आधी वायरीचं सांगते, कारण त्यात तुम्ही अडकाल. घराची जोडणी घरगुती दराची आहे. तिच्यावरून गिरणी चालवणं म्हणजे ज्या कामासाठी वीज घेतली ते सोडून दुसऱ्याच कामाला वापरणं. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये याला अनधिकृत वापर म्हणतात आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. केव्हापासून वापर चालू आहे हे ठरवता आलं नाही, तर मागच्या बारा महिन्यांची आकारणी लागू शकते. सोलरवाले वायर ओढून निघून जातील. पथक येईल तेव्हा दारात तुम्ही उभ्या असाल. जो माणूस पहिल्याच भेटीत असं सुचवतो, त्याच्याकडून माझ्या घराचा साधा बल्बही मी बदलून घेणार नाही.

आता सबसिडी. प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, देशातल्या एक कोटी घरांसाठी. तिचा दर सरकारने ठरवलेला आहे, शनिवारचा आणि त्याचा काही संबंध नाही. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, झाले ७८ हजार. तिथेच थांबतं. तीन किलोवॉटला ७८ आणि पाचलाही ७८. म्हणजे चौथा आणि पाचवा किलोवॉट पूर्णपणे तुमच्या पैशाचा. ही रक्कम सोलरवाल्याच्या हातात जात नाही. पॅनेल बसून, नेट मीटर (लाइनवरून घेतलेली आणि लाइनला दिलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) लागून, तपासणी झाली की ती थेट तुमच्या बँक खात्यात येते. "सबसिडी मंजूर करून देतो, फी भरा" असं कुणी म्हणालं किंवा मोबाइलवर एखादी फाइल उघडायला पाठवली, तर नंबर ब्लॉक करा.

मग किती किलोवॉट? आपल्याकडे एक किलोवॉट वर्षाची सरासरी धरून दिवसाला चार युनिटच्या आसपास देतो. पाच किलोवॉट म्हणजे दिवसाला वीस, महिन्याला सहाशे. तुमचा वापर तीनशेचा. उरलेले तीनशे कुठे जाणार? ते महावितरणच्या लाइनवर जातात, तुमच्या नावावर जमा होतात आणि पुढच्या महिन्यांत वळते होतात, इथपर्यंत ठीक आहे. पण हा हिशेब ३१ मार्चला मिटतो. तोपर्यंत जे वळते झाले नाहीत, त्यांचे पैसे तुम्ही वीज ज्या दराने विकत घेता त्याच्या तुलनेत फारच कमी मिळतात. कर्ज काढून वीज तयार करायची आणि ती कवडीमोलाने द्यायची, हे गिरणीवाल्याच्या घरात तरी व्हायला नको. कुणाच्या घरी जास्तीचं दळण पडून राहतं ते तुम्ही रोज बघता.

म्हणून आधी घरात काय खर्च होतं ते बघा. कॅलेंडरचा मागचा कागद भिंतीला लावा आणि रोज रात्री जेवणं झाल्यावर मीटरचं रीडिंग त्यावर लिहा. एक महिना. हे काम मुलाला द्या, त्याला आवडेल.

आणि एका रात्री अजून एक गंमत करा. सगळे झोपले की पंखे, दिवे, फ्रीज, सगळं दोन मिनिटं बंद करा आणि मीटरवरचा तो लाल ठिपका बघत बसा. मीटरच्या पाटीवर ३२०० असा किंवा दुसरा एखादा आकडा असतो. तो ठिपका तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. सगळं बंद असताना तो लुकलुकायलाच नको. मिनिटाला दहा वेळा लुकलुकत असेल, तर तुमच्या ३२०० च्या मीटरवर जवळजवळ १९० वॉट कुठेतरी जात आहेत, रात्रंदिवस. महिन्याचे ते १३५ युनिट होतात. आमच्या ओळखीच्या एका घरी असाच ठिपका थांबत नव्हता. शेवटी सापडलं ते असं: गच्चीवर पाणी चढवायच्या मोटरची वायर भिंतीत ओली झाली होती आणि वीज जमिनीत उतरत होती. बिल तर येतच होतं, पण एखाद्या पोराचा हात लागला असता तर काय झालं असतं, या विचाराने माझ्या अंगावर अजून काटा येतो. तुमच्याकडे असं काही दिसलं तर सोलर राहू द्या, आधी वायरमनला बोलवा.

तुमच्या पत्रावरून माझा जो अंदाज आहे तो सांगते. घरात चार पंखे असतील, जुने, ७५ वॉटचे. रोज बारा तास चालले तर महिन्याला शंभराच्या वर युनिट नुसत्या पंख्यांचे. आता बीएलडीसी पंखे मिळतात, रिमोटवाले, तेवढाच वारा तीस वॉटच्या आसपास देणारे. चारही बदलले तर पंखे चालतात त्या महिन्यांत साठ-पासष्ट युनिट वाचतात. आणि हे वाचणारे युनिट बिलातले महागातले असतात, हे लक्षात घ्या. महाराष्ट्रात घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: शंभरपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा. वापर कमी झाला की कात्री वरच्या टप्प्याला लागते. म्हणून उन्हाळ्यात तुमचं बिल युनिटांच्या मानाने एकदम उडी मारतं. पंख्यांना दहा-बारा हजार लागतील, आणि दीड-दोन वर्षांत ते वसूल होतील. सगळे एकदम घेऊ नका. जिथे सासूबाई दिवसभर बसतात आणि जिथे मुलं झोपतात, ते दोन आधी.

फ्रीज किती वर्षांचा आहे? लग्नातला असेल तर त्याच्या दाराच्या रबरात वहीचा कागद धरा, दार लावा आणि कागद ओढा. सहज निघून आला तर थंडावा बाहेर पळतोय. रबर बदलून मिळतं, स्वस्तात. पण पंधरा-अठरा वर्षांचा फ्रीज दिवसाला दोन युनिट सहज खातो आणि नवा, तेवढाच, साधारण पाऊण. गीझर पहाटे पाचला लावून नऊला बंद होत असेल तर आंघोळी एकापाठोपाठ एक करा, मधल्या तासांत ते पाणी निवतं आणि परत तापतं. एवढं केलंत तर तीनशेचे सव्वादोनशेच्या आत येतील. मुलीची स्कूटर रोज पंचवीस-तीस किलोमीटर चालली तर तिला दिवसाला एक युनिट लागेल. सगळं धरून सरासरी अडीचशेच्या आत.

तर मग तुम्हाला चार पॅनेल पुरतात. हल्ली साडेपाचशे वॉटच्या जवळपासचं एक पॅनेल मिळतं, चार म्हणजे सव्वादोन किलोवॉटच्या आसपास, महिन्याला साधारण २६० युनिट. बाजारात सध्या जी कोटेशनं बघते, त्यात दोन किलोवॉटचं काम सव्वा ते दीड लाखाच्या दरम्यान बसतं. त्यातून ६० हजार परत येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सोलरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला आहे, कोटेशनमध्ये कोणता दर लावलाय ते बघा. सव्वातीन लाखांचं कर्ज आणि हे, यातला फरक मुलीची स्कूटर घेण्याएवढा आहे.

"बिल शून्य" मात्र कुणालाच होत नाही. एकही युनिट लागलं नाही तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. शे-दोनशेचं बिल आलं तर फसवणूक झाली असं समजू नका.

आता गच्चीकडे या. मला तुम्हाला खरं जे सांगायचं आहे ते इथे आहे.

आमच्या घरी पॅनेल बसवली ती मे महिन्यात. बसवणारे दुपारी बाराला आले, गच्चीवर फिरले, म्हणाले, कुठेही सावली नाही, मोकळी गच्ची आहे. खरंच नव्हती. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या भागात सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. त्या दिवशी दंडगोल तांब्याचीही सावली पडत नाही, पाण्याच्या टाकीची कुठून पडणार? डिसेंबर आला. जिन्यावरच्या खोलीची सावली सकाळी दोन पॅनेलवर यायला लागली आणि दुपारी तीननंतर टाकीची. आम्ही म्हणायचो, थंडीचं ऊन कमी आहे म्हणून कमी वीज येतेय. कळायला दोन हिवाळे गेले. पॅनेल एकमेकांना माळेसारखी जोडलेली असतात. एकावर सावली आली की नुकसान त्या एकाचंच होत नाही, सगळी माळ मंदावते. शेवटी स्ट्रक्चर उचलून दुसरीकडे न्यावं लागलं, पैसे गेले ते गेलेच.

म्हणून येत्या रविवारी खडू घेऊन गच्चीवर जा. डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा यासाठी सोन्यासारखा आहे, कारण सावल्या वर्षात सगळ्यात लांब आत्ता पडतात. सकाळी नऊला टाकीच्या, जिन्यावरच्या खोलीच्या, कठड्याच्या आणि शेजारच्या नारळाच्या सावलीची कड खडूने आखा. बाराला परत. तीनला परत. प्रत्येक रेघेवर वेळ लिहा. दहा फूट उंचीच्या टाकीची सावली बाराला आठ-नऊ फुटांची असेल, नऊला ती वीस फुटांच्या पुढे गेलेली दिसेल. तिन्ही रेघांच्या बाहेर जो तुकडा उरेल तो पॅनेलचा. बहुतेक तो टाकीच्या आणि खोलीच्या दक्षिणेला असेल. चार पॅनेलना शंभर-सव्वाशे चौरस फूट मिळाले, वर पुसायला फिरण्यापुरती जागा मिळाली, की झालं. फोटो काढून ठेवा. जो सोलरवाला हे फोटो बघून प्रश्न विचारेल तो कामाचा. जो म्हणेल "मॅडम, तुम्ही काळजी करू नका", त्याला चहा देऊन वाटेला लावा.

आणि सासूबाईंना विचारा, कुरडया, पापड, सांडगे गच्चीवर कुठे वाळतात. हे मी मनापासून सांगतेय. मिरचीचं कांडप असलेल्या घरात गच्चीवर वाळवण असणारच, कदाचित गिऱ्हाइकांची मिरचीही तिथेच तापत असेल. पॅनेल माणसाच्या उंचीच्या वर उचलून बसवता येतात, मग खाली जागा मोकळी राहते, पण तिथे सावली असते आणि वाळवणाला ऊन लागतं. शिवाय उंच स्ट्रक्चरला खर्च जास्त आणि वळवाच्या वाऱ्याचा मारही जास्त. सासूबाईंचा कोपरा सोडून पॅनेल बसत असतील तर खालीच बसवा. बाईमाणसाची गच्ची कुणी न विचारता व्यापून टाकली आणि मग वर्षभर घरात कुरकुर चालली, अशी घरं मी पाहिली आहेत.

दिरांचं म्हणणं चुकीचं नाही. वॉटरप्रूफिंग फोडून बोल्ट ठोकले तर गळती लागते. पण भोक न पाडताही काम होतं. स्लॅबवर सिमेंटचे ठोकळे ओततात आणि लोखंडी पाय त्यात बसवतात. वजन नीट धरलेलं असलं की वारा त्यांना हलवत नाही. पाय गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेले हवेत, रंग दिलेलं साधं लोखंड चार पावसाळ्यांत गंजतं. अर्थिंगचे खड्डे वेगळे आणि वीजरोधक वेगळा, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या, पाटणपासून वाईपर्यंत वळवात वीज कशी पडते ते तुम्हाला मी सांगायला नको. दिरांना हे फोनवर पटणार नाही. ते घरी आले की गच्चीवर न्या, खडूच्या रेघा दाखवा. घर दोघांचं आहे, गच्चीही दोघांची, तेव्हा त्यांची लेखी संमती तुम्हाला लागेलच. ती मागायची म्हणून न मागता, त्यांच्या समोर ठोकळे कुठे येणार ते ठरवा.

तुमच्या गच्चीचा एक त्रास दुसऱ्या कुणाला नसतो. पीठ. गिरणीचा एक्झॉस्ट कुठे तोंड करून आहे? माझं माहेर गिरणीवाल्याचं आहे, आमच्या गच्चीवरच्या तुळशीच्या पानांवर पांढरी साय असायची. ते पीठ पॅनेलवर बसतं, पहाटे दव पडलं की त्याची खळ होते आणि उन्हात वाळून चिकटते. मिरचीची भुकटी तर त्याहून वाईट. पॅनेल येण्याआधी एक्झॉस्टला कोपर लावून त्याचं तोंड दुसऱ्या दिशेला करा. आठवड्याला एकदा सकाळी लवकर, काच थंड असताना, मऊ फडक्याने आणि टाकीतल्या नळाच्या पाण्याने पुसा. बोअरचं क्षाराचं पाणी वापरलंत तर पांढरे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. उन्हात तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नका.

यांना सांगा, लाइट गेली की सोलरही बंद पडतं. हे ऐकून घरोघरी लोक चिडतात, म्हणून आधीच माहीत असू द्या. ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेला सोलरचा इन्व्हर्टर लाइनवर वीज नसली की स्वतःला मुद्दाम बंद करतो, कारण खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये. बॅटरीचं हायब्रिड सोलर असतं, पण खर्च खूप वाढतो आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. तुमच्याकडे लाइट रोज किती वेळ जाते? तासाभराच्या आत असेल तर घरात असलेला किंवा साधा दुकानात मिळतो तो इन्व्हर्टर आणि बॅटरी ठेवा. पंखे बदलले की तीच बॅटरी दुपटीने चालेल.

आता वीजबिलाचं नाव. सहा वर्षं बिल सासऱ्यांच्या नावाने भरलंत, काही अडलं नाही. इथे अडेल. अर्ज बिलावरच्या नावाने होतो, आणि सबसिडी त्याच माणसाच्या खात्यात जाते. आधी नाव बदलून घ्या. मृत्यूचा दाखला, घराच्या मालकीचा कागद, बाकीच्या वारसांचं ना-हरकत. सासूबाई आणि दीर, दोघांच्याही सह्या एकाच बैठकीत घ्या. तुमच्या अंदाजापेक्षा हेच काम जास्त वेळ खातं, म्हणून आजपासून सुरू करा. त्यानंतरचं सोपं आहे: दहा किलोवॉटपर्यंतच्या घरगुती अर्जाला २०२४ पासून तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागत नाही. योजनेच्या सरकारी पोर्टलवर अर्ज स्वतःच्या मोबाइल नंबरवरून करा, सोलरवाल्याच्या नंबरवरून नाही, आणि पोर्टलवरच्या नोंदणीकृत विक्रेत्यांपैकी निदान तिघांची कोटेशनं मागवा. सबसिडीला पॅनेल भारतात बनलेल्या सेलचंच लागतं, कागदावर "डीसीआर" असं लिहिलेलं असतं. ते आणि पॅनेलवरचे सिरियल नंबर बिलाशी जुळतात ना बघा. पाच वर्षांची देखभाल करारात असायला हवी. पैसे टप्प्याने द्या, शेवटचा हप्ता नेट मीटर लागल्यावर. कर्ज लागलंच तर आधी तुमच्या खात्याच्या बँकेत जा, या योजनेसाठी तीन किलोवॉटपर्यंत तारण न ठेवता कर्ज मिळतं.

तारखेचं एक गणित आहे ते सांगते. वर्षाचा हिशेब मार्चअखेर मिटतो म्हटलं ना, मग काम असं करा की सोलर मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलच्या सुरुवातीला चालू होईल. एप्रिल-मेमध्ये जे जास्तीचे युनिट साठतील ते जुलै-ऑगस्टमध्ये कामाला येतील. तुमच्याकडे झडीचा पाऊस लागला की पॅनेल निम्म्यावर येतात. नाव बदलायला जानेवारी, कोटेशनं आणि दिरांची सही फेब्रुवारीत, काम मार्चमध्ये. घाई न करता बसतं.

राहिली गिरणी. तिला या योजनेतून सबसिडी नाही, ती फक्त घरांसाठी आहे. तिथे सोलर लावायचं असेल तर पूर्ण खर्च तुमचा. तुमच्या गिरणीचं रिटर्न भरत असाल तर सोलरवर ४० टक्के घसारा मिळतो, तेवढं सीएला विचारा. पण मी म्हणेन, एक वर्ष थांबा, आणि या वर्षात गिरणीत जी वीज वाया जाते ती अडवा. तिथे मला जास्त पैसा दिसतोय.

माझे वडील गिरणीच्या दाराआड कोळशाने दोन आकडे लिहायचे: मीटरचं रीडिंग आणि दिवसाचे किलो. शंभर किलो गव्हाला किती युनिट गेले, हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. तो आकडा दोन-तीन दिवस वर चढला की ते काही न बोलता दगड उघडायचे. दगडांना टाकी लावायला, म्हणजे छिन्नीने ठोकून त्यांना पुन्हा धार करायला झालेली असायची. बोथट दगडात दाणा चिरडला जात नाही, घासला जातो. पीठ गरम येतं, मोटर जास्त वेळ ओढते. तुमच्या गिऱ्हाइकांपैकी कुणी "पीठ गरम आलं" म्हणालं की ते दगडाचंच गाऱ्हाणं समजा. दगड ठीक असेल तर पट्टा बघा. सैल पट्टा घसरतो, त्याचा वास येतो, पुलीवर काळी पूड पडते. ती पूड म्हणजे तुमची वीज.

दुसरं, रिकामी चक्की. एक डबा दळून झाला, दुसरं गिऱ्हाईक रस्त्याच्या पलीकडे दिसतंय, म्हणून मोटर चालूच. दहा-पंधरा मिनिटं ती नुसती फिरते. डबे ठेवून घ्यायची पद्धत लावा, चिठ्ठीवर नाव आणि वजन, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा दळण. सणासुदीला भाजणी, बेसन वेगवेगळं असतं, तेव्हा जमणार नाही, पण गहू-ज्वारीला जमतं. आणि मोटर कितीदा रिवाइंड झाली आहे ते आठवा. जळलेली मोटर भरताना तिची ताकद दर वेळी थोडी कमी होते आणि भूक वाढते. पुढच्या वेळी जळली तर भरू नका, कमी वीज खाणारी, पाटीवर आयई३ लिहिलेली नवी घ्या.

मिरचीचा हंगाम फेब्रुवारी ते मे, भर उन्हाचा, कांडप सगळं दिवसा चालतं. त्यामुळे गिरणीवर सोलर पुढे कधीतरी शोभेल, यात मला शंका नाही. या वर्षीचे किलो आणि युनिट भिंतीवर असले की किती लावायचं ते आपोआप कळेल.

तुमच्याच जिल्ह्यात, पाटण तालुक्यात मान्याचीवाडी आहे. राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून ते ओळखलं जातं. साताऱ्याहून एका दिवसात जाऊन येता येईल. पॅनेल पुसतात कशाने, पावसाळ्यात किती येतं, बिल हातात येतं ते कसं दिसतं, हे तिथल्या बायकांना विचारा. माझ्या पत्रापेक्षा त्यांच्या अंगणात तुम्हाला जास्त कळेल. यांनाही घेऊन जा.

महिन्याभराची मीटरची रीडिंगं, रात्री सगळं बंद केल्यावर ठिपका किती लुकलुकला तो आकडा आणि नऊ, बारा, तीनच्या रेघांचे फोटो मला पाठवा. तीन कोटेशनंही त्याबरोबर आली तर ती तुमच्यासोबत ओळ न ओळ वाचायला मी आहे.

तुमची,
सल्लागार ताई